चपलांची हजेरी

कौसाताई हजेरीचा फोटो पाठवतात तो पोरांचा नसतो, चपलांचा असतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका खेड्यात शाळा सुटल्यावर त्या समाजमंदिरात चौथीपर्यंतच्या पोरांचा अभ्यास घेतात. हा वर्ग चालवणाऱ्या संस्थेनं त्यांना मोबाईल दिलाय आणि अडलं-नडलं विचारायला हिंगोलीत मला बसवलंय. म्हणजे मी मदत करायची आणि बाईंनी मला झापायचं, असा कारभार.

"ताई, फोटोत तोंडं दिसली पाहिजेत," मी एकदा म्हणालो.

"तोंडं हलून राहिली ना भाऊ! चपला बराबर गप बसतात. मोजा. आन् दोन लेकरं अनवाणी हायेत, ती जोडून घ्या."

भागाकार कसा शिकवायचा हे सांगणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ पाठवला, तर लगेच ताईंचा आवाजी निरोप आला, "त्या बाईला म्हणा, दमानं बोल. इथं कोणाला गाडी पकडायची न्हाई." तोच पुन्हा पाठवला, तर म्हणे, "सांगितलं न्हाई का तिला?" कपाळ माझं!

दिवाळीनंतर काही घरं मेंढरांमागं बाहेर पडली, ती अनवाणी लेकरंही गेली. पोरं दहाच्या खाली आली की वर्ग बंद, असा संस्थेचा नियम. कौसाताईंच्या फोटोत मात्र रोज बराबर दहा जोड. त्यातली एक वहाण चांगली नऊ नंबरची. चौथीतलं पोरगं एवढं थोराड? मी जीप धरली आणि गेलो.

पोरं आठ.

"ताई, हे काय?"

"एक जोड माझा. एक आमच्या मालकांचा."

मालक वारून तीन वर्षं झालेली. तरी मी चिडलोच. "असं फसवता काहून? वर्ग गेला तर दुसरं काम बघू की तुमच्यासाठी!"

"कामाला लागू द्या आग!" ताई फिस्कारल्या. मग आवाज उतरला. "घरी गेलं की घर खायला उठतं, भाऊ. ह्या पोरांवर वरडते म्हणून तोंडातून शब्द तरी निघतो. वर्ग बंद केला, तर म्या वरडू कोणावर?"

मला वाईट वाटलं, लाजही वाटली. तिथूनच संस्थेच्या साहेबांना स्पीकरवर फोन लावला. पोरं आठच आहेत, पण मेंढरं परत येईपर्यंत वर्ग राहू द्या, म्हणालो. साहेब "बघू" म्हणाले आणि फोन कट केला.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "बघू म्हंजे व्हय का न्हाई?"

"व्हय," मी ठोकून दिलं.