पहिल्या श्रोत्याचा मान

'वल्लरी वगैरे'चे सबस्क्रायबर त्र्याहत्तरचे चौऱ्याहत्तर झाले, तेव्हा दत्तप्रसाद मेसच्या जिन्यात रांगेत उभा होता. इतका वेळ पोटात भूक होती, आता तिथेच दुखायला लागलं. कोण हा चौऱ्याहत्तरावा? आणि याला काय अधिकार?

'वल्लरी वगैरे' म्हणजे वल्लरी नावाची एक मुलगी, तिची गिटार आणि वगैरे. वगैरे म्हणजे तिचा मामेभाऊ, जो कधी डफ वाजवी, कधी डबा. दोघं कोथरूडच्या एका खोलीत स्वतःच गाणी लिहीत, स्वतःच चाली लावत आणि स्वतःच चॅनेलवर टाकत. दोन वर्षांपूर्वी, परभणीहून पुण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात, घरच्या आठवणीने नाक ओढत बसलेल्या दत्तप्रसादला हे चॅनेल सापडलं. तेव्हा सबस्क्रायबर होते शून्य. 'एक' झाला तो दत्तप्रसाद. तेव्हापासून वल्लरीचं प्रत्येक गाणं ती फक्त आपल्यासाठीच गाते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माणसं याहून वाईट समजुती बाळगतात.

बाकी त्याला मरायला फुरसत नव्हती. सकाळी सातची बस, कॉलेज, प्रॅक्टिकल, जर्नलं, संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकवणं. पण बसमध्ये, जिन्यात, रांगेत, दात घासताना कानात वल्लरी. आणि दीड-दोन महिन्यांनी तो तिला इन्स्टावर एक लांबलचक मेसेज लिहायचा. आजवर चौदा झाले होते. वल्लरीने त्यातला एकही उघडला नव्हता. दत्तप्रसाद वाट बघायला तयार होता. फक्त मधल्या काळात दुसऱ्या कोणाला ती सापडू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. रूममेट अभिनवने "काय ऐकून राहिला बे सारखं?" असं विचारलं की तो सांगायचा, "मशीन डिझाइनचं लेक्चर." त्यानंतर वर्ध्याचा अभिनवच काय, कोणीही चौकशी करत नसे.

तर त्या रविवारी चौऱ्याहत्तराव्याच्या दुःखात त्याने वल्लरीचं 'गॅस बंद केला का?' हे गाणं लावलं. कुलूप लावून घराबाहेर पडलेल्या बाईला अर्ध्या वाटेत शंका येते, एवढंच ते गाणं. पण त्याच्या कानातल्या यंत्राची बॅटरी नेमकी तेव्हाच संपली. अशा वेळी फोन ओळखीचं दुसरं घर शोधतो. सदाशिव पेठेतल्या मंदाकिनीकाकू लिमये यांच्या मेसमधला स्पीकर दत्तप्रसादनेच मागे आपल्या फोनला जोडून दिला होता. काकूंना त्यावर सकाळी स्तोत्रं लावता यावीत म्हणून गाण्यांच्या अ‍ॅपवर त्यांचं खातंही त्यानेच आपल्या फोनवरून उघडून दिलं होतं. फोनला हे सगळं आठवत होतं.

गाणं लांबून आल्यासारखं वाटतंय म्हणून दत्तप्रसादने आवाज वाढवला. अजून लांबून वाटलं म्हणून अजून वाढवला. शेवटी रांग सरकून तो दारात पोचला, तेव्हा पन्नास मुलं हातातला घास हातात धरून स्पीकरकडे बघत होती आणि वल्लरी मेसभर घुमत विचारत होती, "गॅस बंद केला का?"

मंदाकिनीकाकू वाढता वाढता थबकल्या. पातेलं तिथेच ठेवून त्या आत धावल्या. आतून आवाज आला, "अगंबाई! मागचा चालूच होता!"

मेसमध्ये टाळ्या पडल्या.

"कोणाचं रे गाणं हे?" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पोरगी गुणाची दिसते. पुन्हा लाव."

"मला नाही माहीत काकू," दत्तप्रसाद म्हणाला. "आपोआप लागलं."

"माझ्या स्पीकरवर आपोआप काही लागत नाही."

पण तोवर अभिनवने स्वतःचा फोन स्पीकरसमोर धरला होता. गाणं ओळखून देणाऱ्या अ‍ॅपने चार सेकंदांत नाव सांगितलं. "वल्लरी वगैरे!" अभिनव ओरडला. "अबे, इथलीच आहे! कोथरूडची!"

संध्याकाळपर्यंत सबस्क्रायबर एकशे एकतीस झाले. दत्तप्रसाद जर्नल पुढ्यात घेऊन दर पाच मिनिटांनी तो आकडा बघत होता आणि दर पाच मिनिटांनी त्याचा जीव जळत होता. ज्यांना कालपर्यंत लग्नातल्या बँडपलीकडे संगीत माहीत नव्हतं, ती पोरं न्हाणीघरात वल्लरी गुणगुणत होती. तीही चुकीच्या चालीत!

खरा घाव मंगळवारी बसला. "दत्त्या, हे पाय," अभिनव फोन नाचवत आला. "मी लिहिलं, ताई तुमचं गाणं आमच्या मेसमध्ये रोज वाजते. तर तिचा रिप्लाय! म्हणते, कोणती मेस? जेवायला येऊ का?"

"किती वेळात आला रिप्लाय?" दत्तप्रसादने विचारलं.

"पाच मिनिटं झाली असतील."

दोन वर्षं, चौदा मेसेज, आणि एका ओळीला पाच मिनिटांत उत्तर! दत्तप्रसादला अभिनवचा इतका हेवा वाटला की त्या रात्री त्याने त्याच्याकडे पाठ करून झोपायचं ठरवलं. खोली एवढी लहान होती की त्यासाठी नाक भिंतीला टेकवावं लागलं.

त्यातच वल्लरीने जाहीर केलं की येत्या रविवारी पाच वाजता कोथरूडला एका छोट्या हॉलमध्ये तिचा पहिला कार्यक्रम आहे. खुर्च्या साठ. मेसमधली चाळीस डोकी लगेच तयार झाली. दत्तप्रसादने दोन वर्षं हे स्वप्न बघितलं होतं. त्या स्वप्नात हॉलमध्ये वल्लरी होती, वगैरे होता आणि पहिल्या रांगेत तो एकटा होता. अभिनव त्यात कुठेच नव्हता.

माणूस जळायला लागला की त्याला युक्त्या फार सुचतात. दत्तप्रसादला सुचलेली युक्ती अशी: गाण्याखाली एक सणसणीत वाईट अभिप्राय लिहायचा, म्हणजे ही हौशी मंडळी बिचकतील आणि घरी बसतील. स्वतःच्या नावाने लिहिणं शक्यच नव्हतं. पण फोनमध्ये दुसरं एक खातं होतं. मंदाकिनी लिमये. या नावाच्या बायका सदाशिव पेठेत डझनभर तरी असतील, कोणाला काय पत्ता लागणार?

लिहायला बसला तर पंचाईत. गाणं भिकार आहे, असं खोटं लिहायला बोट उठेना. म्हणून त्याने खरंच लिहिलं. दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी तोडला आहे. 'कुलूप' शब्दावर सूर किंचित उतरतो, तो प्रत्येक गाण्यात 'उ' आला की उतरतो. डबा वाजवणारे गृहस्थ घाईत आहेत, त्यांना कुठे जायचं असेल तर आधी जाऊन यावं. शेवटचं कडवं फक्त टाळीसाठी जोडलं आहे. असं करत बावीस ओळी झाल्या.

दुसऱ्याच दिवशी आकडा आठशेवर गेला. दत्तप्रसाद पुण्यात दोन वर्षं राहून पुण्याला ओळखायला चुकला होता. एखादी गोष्ट चांगली आहे म्हटलं तर इथे कोणी ढुंकून बघत नाही. वाईट आहे म्हटलं की ती नक्की किती वाईट आहे, हे स्वतः तपासल्याशिवाय कोणाला राहवत नाही.

"अबे, पाय," तो अभिप्राय दाखवत अभिनव कुजबुजला. "ह्या बाईचा फोटो पाय ना!"

दत्तप्रसादने बघितलं. खात्याला फोटो लावलेला होता तो 'लिमये भोजनालय' या पाटीचा. काकूंनी हौसेने लावायला सांगितला होता, आणि लावला होता त्यानेच.

"काकूच आहेत!" अभिनव म्हणाला. "तोंडावर म्हणते पोरगी गुणाची, अन् मागून असं! विचारू का त्यायले?"

"नको!" दत्तप्रसाद किंचाळलाच. "दुसरी पोळी मिळणार नाही."

हा मुद्दा सगळ्या मेसला पटला. कोणी काकूंसमोर अवाक्षर काढलं नाही. उलट सगळ्यांनी मिळून त्यांना कार्यक्रमाला यायचं फार आग्रहाने निमंत्रण दिलं, कारण पुढे काय होतं ते बघायचं होतं.

रविवारी दत्तप्रसादच्या विद्यार्थ्यांची चाचणी लांबली. तो पोचला तेव्हा हॉल गच्च भरला होता. अभिनव पहिल्या रांगेत, आणि त्याच्या शेजारी इस्त्रीच्या साडीत मंदाकिनीकाकू. जगातल्या पहिल्या श्रोत्याला दाराशी चपलांच्या ढिगाऱ्यात उभं राहावं लागलं.

वल्लरीने तीन गाणी म्हटली. मग गिटार खाली ठेवून ती म्हणाली, "इथे मंदाकिनी लिमये आल्यात का?"

मेसच्या चाळीस माना काकूंकडे वळल्या. काकू उभ्या राहिल्या. "मीच. काय झालं?"

"तुम्ही माझ्या गाण्याबद्दल जे लिहिलंत..." वल्लरीने कागद काढला आणि बावीसच्या बावीस ओळी वाचून दाखवल्या. घाईत असलेल्या गृहस्थांचा उल्लेख आला तेव्हा वगैरेने डबा मागे लपवला. दत्तप्रसादचे कान शेकायला लागले.

"दोन वर्षं गातेय मी," वल्लरीचा आवाज भरून आला. "मैत्रिणी 'छान' म्हणतात, आई 'छान' म्हणते. पण इतकं मन लावून कोणी ऐकलंच नव्हतं हो! हे वाचून मी रडले. आनंदाने."

दाराशी दत्तप्रसादने टाचा उंचावल्या. ते मी! ते मी ऐकलं! त्याचा हात अर्धा वर गेलासुद्धा. मग त्याला समोरची चाळीस डोकी दिसली. हात वर करायचा तर आधी हे कबूल करावं लागणार की हा अभिप्राय हॉल रिकामा राहावा म्हणून लिहिला होता, आणि तोही काकूंच्या नावाने. हात डोकं खाजवून खाली आला.

"हे मी लिहिलेलं नाही," काकू स्पष्ट म्हणाल्या. "पण ज्याने लिहिलंय त्याने बरोबर लिहिलंय. तो श्वास चुकलाच आहे."

हॉलने हा विनय समजून टाळ्या वाजवल्या. वल्लरी खाली उतरून काकूंच्या पाया पडली. "नवीन गाणी आता आधी तुम्हालाच पाठवणार. तुम्ही हो म्हटल्याशिवाय चॅनेलवर टाकणार नाही. नंबर द्या."

काकूंनी नंबर दिला. चपलांमध्ये उभा असलेला माणूस त्या क्षणी एका मेसवालीवर जितका जळला, तितका पुण्यात कोणी कोणावर जळला नसेल.

सोमवारी जेवणं आटोपल्यावर काकूंनी त्याला थांबवून घेतलं.

"माझं खातं कोणाच्या फोनवर आहे, दत्तप्रसाद?"

"माझ्या."

"हं. ती मुलगी आवडते का तुला?"

"तसं नाही हो काकू! गाणी आवडतात."

"आवडतात, मग वाईट का लिहिलंस?"

दत्तप्रसाद मान खाली घालून म्हणाला, "सगळेच ऐकायला लागले म्हणून."

काकूंनी हातातला डाव पातेल्यात ठेवला. "आमटी आवडली म्हणून पातेल्यात थुंकतोस का रे, दुसऱ्यांनी घेऊ नये म्हणून?"

दत्तप्रसाद पुढ्यातली ताटं गोळा करायला लागला.

"आता ऐक. तिने सकाळीच दोन गाणी पाठवलीत. मला दीडशे पोळ्या लाटायच्या असतात, ऐकत कधी बसू? रोज चार वाजता इथे यायचं, माझ्या फोनवर ऐकायचं आणि काय वाटतं ते लिहायचं. माझ्या नावानेच. तिचा विश्वास बसलाय, तो मोडायचा नाही."

अशा रीतीने दत्तप्रसादची इच्छा पूर्ण झाली. वल्लरीची गाणी जगात सर्वांत आधी तोच ऐकू लागला. तो लिहायचा आणि दहा मिनिटांत उत्तर यायचं. 'काकू, तुम्हाला कसं कळलं मी तिथे घाबरले होते?' 'काकू, तुम्ही आहात म्हणून मी गाते.' प्रत्येक उत्तराने त्याला गुदगुल्या व्हायच्या आणि पाठोपाठ काकूंचा मत्सर वाटायचा. ज्या बाईंनी नव्या गाण्यांतलं एक कडवं धड ऐकलं नव्हतं, त्यांच्यासाठी ही पोरगी गात होती! स्वतःच लिहिलेल्या पत्रांवर जळण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

महिन्याभराने एका दुपारी वेगळाच मेसेज आला. दत्तप्रसादने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"काय म्हणते?" काकूंनी लाटणं न थांबवता विचारलं.

"म्हणते..." त्याने फोन पुन्हा उचलला. "'काकू, एक सल्ला हवाय. दत्तप्रसाद नावाचा एक मुलगा दोन वर्षं मला इन्स्टावर निबंध पाठवतोय. एवढी लांबी बघूनच भीती वाटते, म्हणून मी उघडतच नाही. त्याला काय उत्तर देऊ?'"

"मग? तू काय लिहिणार होतास?"

"मी म्हटलं... मुलगा मनाने चांगला दिसतो, सवडीने सगळं वाचून सविस्तर उत्तर दे, असं लिहावं."

"फोन माझा आहे. मी सांगते ते लिही." काकूंनी पोळी तव्यावर टाकली. "लिही, अभ्यास कर म्हणावं."

"काकू, एवढंच?"

"एवढंच. पाठव."

दत्तप्रसादने पाठवलं. दोन मिनिटांनी त्याच्या स्वतःच्या खिशातला फोन वाजला. वल्लरीचा मेसेज होता. त्याच्या नावाने आलेला, पहिला. 'दत्तप्रसाद, अभ्यास कर.'

त्याने तो तीनदा वाचला. मग जिना चढून तो धावतच खोलीवर गेला आणि झोपलेल्या अभिनवच्या डोळ्यांसमोर फोन धरला.

अभिनव उठून बसला. त्याने मेसेज वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं रे?" दत्तप्रसादने विचारलं.

"मी एवढे कमेंट टाकले, मले आजपावतो असं नाही म्हटलं तिनं," अभिनव पडेल आवाजात म्हणाला. "परक्या माणसाले कोण अभ्यास कर म्हणते बे?"

दत्तप्रसादने फोन खिशात घातला, टेबलावरची धूळ झटकली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच कानात काही न घालता तो खरोखर अभ्यासाला बसला. अभिनव मात्र संध्याकाळपर्यंत कूस बदलत राहिला.