केळुसकरांची दोन प्यादी

बुद्धिबळात समोरच्याच्या राजाला शह दिलेला केळुसकरांना खपत नसे. दुसऱ्या कुणी दिलेलाही नाही. शेजारच्या टेबलावर कुणाचा घोडा राजाच्या दिशेने उडाला की हे आपला डाव सोडून तिकडे बघत आणि म्हणत, "राजाच्या अंगावर काय धावून जायचं? घर पेटवल्याशिवाय तुमचा चहा होत नाही का?" आणि असा माणूस आमच्या वाशीच्या संघात पहिल्या पटावर खेळत होता. त्या संघाचा कप्तान मी. माझ्या रक्तदाबाची कल्पना यावी.

केळुसकर मूळचे मालवणकडचे, सरकारी कचेरीत कारकून आणि एकटेच. ऐंशीच्या आसपास आमची वसाहत उभी राहिली तेव्हा बिल्डिंगमध्ये राहायला आलेला पहिला माणूस म्हणजे ते. बाकीचे ब्लॉक रिकामे, जिन्यात दिवा नाही, अशात त्यांनी बरेच महिने काढले. मग आम्ही आलो, आणि सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला ते आमच्यावर संतापू लागले. पाण्याच्या टाकीवरून संतापत, जिन्यातल्या सायकलींवरून संतापत. मीटिंग संपली की मीटिंग लवकर संपली म्हणून संतापत.

त्यांचा डाव एकच. वजिराच्या बाजूला समोरच्याची तीन प्यादी आणि आपली दोन अशी मांडणी आली की ही आपली दोन प्यादी एकेक घर पुढे ढकलत न्यायची. तिथे मारामारी झाली की समोरच्याचं एक प्यादं एकटं, लंगडं मागे उरतं. मग त्याच्यावर हत्ती रोखून बसायचं. यात चूक काही नाही, मोठमोठे खेळाडूही हे करतात. पण त्यांना कधीतरी घरी जायचं असतं. केळुसकरांना नसे. समोरच्याने तशी मांडणी येऊच दिली नाही तर डाव संपल्यावर ते त्याला जिन्यापर्यंत गाठून जाब विचारत.

त्या वर्षी आमच्या भागातल्या संघांच्या स्पर्धेत शिल्डसाठी शेवटची लढत आमची आणि घणसोली-तळवलीच्या गावकऱ्यांच्या संघाची. दोन पटांचे निकाल लागून बरोबरी झाली होती. (त्यातला हरलेला डाव माझा. पण तो विषय वेगळा.) शिल्ड कुणाचं हे आता केळुसकरांच्या पटावर ठरायचं होतं. त्यांच्यासमोर होते तळवलीचे गोमा पाटील. सत्तरीचे, डोक्याला टोपी, अतिशय शांत. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती.

समाजमंदिराचा हॉल रविवारी दुपारपर्यंतच मिळे. वेळ संपली की डाव पुढच्या रविवारवर जाई. केळुसकरांची प्यादी निघाली, आणि रविवारमागून रविवार निघाले. हॉल बंद झाला की हे पाटलांना घरी जेवायला नेत. आमच्या मजल्यावर बांगड्याच्या तिखल्याचा वास सुटे आणि आमचा माणूस बांगड्यावर विकला गेला असं मी बायकोला ऐकवत असे.

मग एका रविवारी मला मात दिसली. पाटलांचा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे कोंडून बसलेला आणि मागची ओळ उघडी. केळुसकरांनी हत्ती सरळ वर नेला की संपलं. शाळकरी पोरालाही दिसावं असं. केळुसकरांनी पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि राजा एक घर बाजूला सरकवला. स्वतःचा. मी ओठ चावून गप्प बसलो, कारण बघ्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे आणि तो करणाऱ्याचं तळपट होवो. पाटलांनीही पुढचं प्यादं हलवून राजाला वाट करून द्यायला हवी होती. त्यांनी हत्ती इकडचा तिकडे केला. मग यांनी तेच केलं. दोन्ही आंधळे एकाच पटावर.

संध्याकाळी मी केळुसकरांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि मनात होतं ते सगळं बोललो. ते चक्क ऐकत राहिले. मग म्हणाले, "दिसते मला मात. तुम्हांला घाई कसली झालीय?" आणि दार लावून घेतलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

शेवटी संयोजकांनी बजावलं, या रविवारी निकाल लागला नाही तर शिल्ड कुणालाच मिळणार नाही. सगळी वसाहत हॉलमध्ये लोटली. दुपार झाली, वेळ संपत आली. केळुसकरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, जणू मी त्यांच्या घरी चोरी केली होती. मग हत्ती उचलला आणि वरच्या ओळीत ठेवला. टाळ्या पडल्या. मी तर खुर्चीवर उभा राहिलो.

केळुसकर पाटलांवर खेकसले, "झालं. संपलं. जा आता तुम्ही घरी."

पाटलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ही मात मना कवाच दिसली व्हती," ते म्हणाले. "तू ती चाल करत नव्हतास, मंग मी बी बोललो नाय. जमीन गेली तवापासून मना काम काय हाय? यो डाव व्हता तवर रयवारी कुनी तरी माजी वाट बगत व्हता."

मी खुर्चीवरून खाली उतरलो. संयोजक शिल्ड घ्यायला केळुसकरांचं नाव पुकारत होते. ते उठले नाहीत. नुकतंच जा म्हटलेल्या पाटलांना आता बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. पाटील बसलेलेच होते.