नापास गाडीचं सत्पात्री दान

दान सत्पात्री असावं, यावर जगात सगळ्यांचं एकमत आहे. दान दिलेली वस्तू चालू स्थितीत असावी की नसावी, याविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही.

बर्कलीत तर वस्तू टाकून देणं लोकांच्या जिवावर येतं. म्हणून ती फुटपाथवर ठेवायची, वर ‘फुकट’ अशी चिठ्ठी चिकटवायची आणि पडद्याआडून कोण नेतंय ते बघत बसायचं, अशी सुरेख पद्धत आहे. (फुटपाथवरच्या टोस्टरांपैकी चौसष्ट टक्के चालत नाहीत. ही पाहणी लोइस टिबेट्स यांनी स्वतः अकरा टोस्टर घरी आणून केली.)

लोइसबाई वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर. ‘या घरात विज्ञानावर विश्वास ठेवला जातो’ अशी पाटी त्यांच्या अंगणात आहे. त्यामुळे त्यांची एक्याण्णव सालची निळी गाडी धूरचाचणीत नापास झाली, तेव्हा त्यांना वाद घालता येईना. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता, म्हणून ती देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. गाडी चालत उत्तम होती, फक्त मागे एक लहानसा ढग घेऊन फिरायची.

घरकामाला मंगळवारी आणि शुक्रवारी ओफेलिया येई. नऊ वर्षं, दोन बस बदलून. त्याच आठवड्यात तिला इस्पितळाच्या धुलाईखान्यात कायमची नोकरी लागली होती, आजारपणाच्या विम्यासकट. पाळी पहाटे पाचची, आणि तिच्या घराजवळून पहिली बस पाच वीसला. एक तारखेपर्यंत गाडीची सोय झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

“मिस लोइस, गाडी कुणाला तरी देणारच आहात, तर मला द्या,” ती म्हणाली. “धुराचं मी बघून घेईन.”

“अगं, आधी बोलायचं नाही का?” लोइसबाई म्हणाल्या, आणि त्याच दिवशी दोघी वाहन कचेरीत गेल्या.

खिडकीतल्या गृहस्थांनी कागद पाहिले. “या तुमच्या कोण?”

“मैत्रीण.”

“मैत्रीण यादीत नाही. नवराबायको, मुलं, आईवडील, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं. यांना गाडी दिली तर धूरचाचणी लागत नाही.”

“म्हणजे बहिणीला दिली तर गाडी धूर सोडत नाही?”

“सोडत असेल बाई. आम्ही कुणाच्या घरगुती धुरात पडत नाही.”

नियमामागचा विचार सखोल आहे. परक्याने परक्याला दिलेला धूर हवेत मिसळतो, नात्यातला धूर नात्यातच राहतो. लोइसबाईंना मूलबाळ नव्हतं. बाकावर बसून त्यांनी बराच विचार केला आणि हलक्या आवाजात विचारलं, “ओफेलिया, आपण लग्न केलं तर?”

“माझा एक आहे ना नवरा, मिस लोइस,” ओफेलिया म्हणाली. “काही उपयोगाचा नाही, पण कागदावर आहे.”

खिडकीतले गृहस्थ मनाने चांगले होते. “धर्मादाय संस्थेला द्या की,” ते म्हणाले. “त्यांना नापास गाडीही चालते.” त्यांनी एक पत्रक पुढे सरकवलं. संस्थेचं नाव ‘स्वावलंबनाची चाकं’, आणि उद्देश गरजू कष्टकऱ्यांना कामावर जाण्यासाठी वाहन मिळवून देणं. दोघींना हायसं वाटलं. पुढच्या दाराने लोइसबाई गाडी देतील, मागच्या दाराने ओफेलिया ती घेईल, असा सरळ हिशेब होता.

संस्थेच्या टेसबाई फोनवर अतिशय गोड बोलल्या. “धूर सोडणारी गाडी आम्ही गरजूंना कधीच देत नाही. त्यांच्या फुफ्फुसांचाही मान राखायला हवा. तुमची गाडी मोडीत जाईल आणि त्या पैशातून आमचा कार्यक्रम चालेल.”

“कार्यक्रम म्हणजे गाड्या देता ना?”

“त्याआधीचा टप्पा. ‘प्रवासातील अडथळ्यांवर मात’ ही तीन तासांची कार्यशाळा. ती केल्याशिवाय प्रतीक्षायादीत नाव लागत नाही.”

कार्यशाळा टेकड्यांपलीकडच्या एका उद्योगवसाहतीत होती. तिथे बस जात नाही. (पत्रकात ‘गाड्या लावायला मुबलक जागा’ असं ठळक छापलं होतं.)

“मी सोडते तुला,” लोइसबाई म्हणाल्या.

“कशातून?” ओफेलियाने विचारलं.

कारण गाडी संस्थेला देऊन झाली होती, आणि ती त्याच सकाळी ओढून नेणार होते. शेवटी ओढगाडीच्या चालकानेच दोघींना पुढे बसवून घेतलं. “यातलं दान कोणतं आणि दाता कोण?” त्याने विचारलं.

“दान मागे लटकलंय,” ओफेलिया म्हणाली, “दाता खिडकीशी बसलाय, आणि मी लाभार्थी.”

“एकाच फेरीत सगळं आटोपलं,” तो खूश होऊन म्हणाला.

दारातच टेसबाईंनी किल्ली घेतली आणि लोइसबाईंना दात्यांच्या खोलीत चहाला बसवलं. आत सव्वीस जण होते. गाडी नसलेल्या माणसाने वेळेवर कसं पोचावं, यावर मार्गदर्शन झालं. (सर्वजण उशिरा आले होते.) ९८ टक्के लाभार्थींनी समाधान नोंदवलं. उरलेल्या दोन टक्क्यांत अर्धा माणूस येतो, आणि बहुधा तो ओफेलियाचा अर्धा भाग असावा. तिचा प्रतीक्षाक्रमांक १,१४० होता.

जाण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढला. हातात किल्ली धरून हसायचं होतं. किल्ली एकच होती, ती हातोहात फिरत आली. तिला लोइसबाईंनी स्वतः कोरलेलं लाकडी ओकफळ लटकत होतं. नऊ वर्षं ओफेलिया ते उचलून टेबल पुसत आली होती.

“जरा मनापासून हसा,” फोटोवाला म्हणाला. “समजा, गाडी मिळाली.”

तिने तसं समजून पाहिलं. पहाटेचा मोकळा रस्ता दिसला, इस्पितळाचा मागचा दरवाजा दिसला, आणि तिला खरोखरच हसू आलं.

एक तारीख आली आणि गेली. इस्पितळाने जागा दुसऱ्या बाईला दिली. ओफेलिया त्या रात्री रडली आणि मंगळवारी पहिल्यासारखी दोन बस बदलून कामावर आली. लोइसबाईंना इतकी लाज वाटली, की त्यांनी तिला चालू असलेले चारही टोस्टर देऊ केले.

दीड महिन्याने संस्थेचं पत्र आलं. सोबत एका टकल्या गृहस्थाचा हसरा फोटो. ‘प्रिय लोइस, तुमच्या दानामुळे एर्नान आता रोज कामावर वेळेवर पोचतो.’

लोइसबाईंचे डोळे भरून आले. “बघ, ओफेलिया, हातातली किल्लीसुद्धा माझीच. म्हणजे गाडी मोडीत गेलीच नाही. तुला नाही मिळाली, पण याला तरी मिळाली.”

ओफेलियाने पाहिलं. एर्नान कार्यशाळेत तिच्या शेजारीच बसला होता. त्याने तिला अर्धं संत्रं दिलं होतं. त्याचा क्रमांक १,१४१ होता.

“फोटो छान आलाय,” ती म्हणाली.

“तुला वाईट नाही ना वाटलं?”

“नाही, मिस लोइस.”

पत्र फ्रिजवर लागलं. ओफेलिया दर मंगळवारी फ्रिज पुसते, पत्राला धक्का न लावता.

बाकीचे पंचवीस फोटो कुणाकुणाकडे गेले, याची माहिती संस्था देत नाही. दाते पुष्कळ आहेत, आणि अधूनमधून तुम्हीही काही ना काही देताच. तेव्हा आलेलं आभाराचं पत्र एकदा नीट बघा. हिरव्या स्वेटरमधली, चाळिशीची, मनापासून हसणारी बाई असेल, तर ती ओफेलिया. तुमच्यामुळे ती पहाटे पाचला कामावर हजर असते, असं खाली लिहिलेलं असेल. पत्र काढायची गरज नाही, भिंतीला शोभतं. फक्त तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला ते दाखवू नका. तीही फोटो छान आलाय एवढंच म्हणेल.