भिंतीपलीकडचं पाणी

"पाणी लागलं नाही, तर आम्ही दोघं सामानासकट तुमच्याकडे राहायला येतो," सासऱ्यांनी बजावलं. जावईबापू खिडकीशी बसून खडकांच्या नकाशावरची एक रेघ पातळ कागदावर उतरवत होते. सासऱ्यांच्या परसातली विहीर आटली होती आणि बोअर कुठे मारायची ते सांगायचं काम, भूवैज्ञानिक खात्यात नकाशे काढणाऱ्या या जावयाकडे आलं होतं. जावयाच्या घरात खोल्या दोन, आणि दोन्ही पलंगांवर नकाशे पसरलेले.

काम तसं सोपं. नकाशावर गुलाबी रंग म्हणजे अखंड कातळ. त्यातून जाणारी काळी तुटक रेघ म्हणजे कातळातली लांबलचक भेग. पाणी कातळात मुरत नाही. गर्दीत आपण वाट काढतो, तसं ते भेग शोधत जातं. सासऱ्यांचं परस आणि शेजारच्या घड्याळजींचं परस अगदी सारखं, मधे एक भिंत. रेघ नेमकी कुठून जाते, एवढंच पाहायचं होतं.

पण जावईबापूंना रेघ नुसती दिसत नसे, तिच्यातून उतरणारं पाणी ऐकूही येई. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी छत्रीवरून ओघळलेला थेंब आता किती खोल, कुठल्या अंधारात पोचला असेल? त्यांचे डोळे अर्धवट मिटले. वारा आला, पातळ कागद अलगद उडाला आणि पालथा पडला. त्यांनी तो तसाच उचलून घडी घातली. मधे भिंत, दोन्ही बाजूंना सारखी परसं, त्यामुळे कागद दोन्हीकडून सारखाच दिसत होता. कुठलं परस कुणाचं, ती अक्षरं त्यांनी नंतर लिहू म्हणून ठेवली होती.

परसात कागद उघडून त्यांनी बोट दाखवलं, "इथे." बोअरची गाडी घरघरू लागली. पन्नास फूट झाले, शंभर झाले, दोनशे झाले. खालून नुसती गुलाबी धूळ.

"जावईबापू, ही भुकटी कसली?"

"कातळाची, मामा. पाणी येईल."

"येईल म्हणजे? चालत येणारे का?"

दोरीवरचे कपडे गुलाबी झाले, सासूबाईंच्या भुवया गुलाबी झाल्या. "मी बॅगा भरायला घेते," त्या म्हणाल्या.

जावईबापूंनी घाईघाईने कागद उन्हात धरला. पेन्सिलीची रेघ मागच्या बाजूला होती! त्यांनी कागद उलटा केला, तशी रेघ भिंतीपलीकडे गेली.

"मामा, भेग भिंतीपलीकडे आहे."

"त्या घड्याळजीच्या परसात? मेलो तरी जाणार नाही! माझ्या घड्याळाबद्दल म्हणाला होता, यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही."

"खरंच बोलला होता," सासूबाई म्हणाल्या. "मी लेकीकडे नकाशांवर झोपणार नाही. जा मुकाट्यानं."

सासरे भिंतीशी जाऊन खाकरले. पलीकडून लगेच डोकं वर आलं.

"सहा वर्षं, चार महिने झाले आपण बोलून," घड्याळजी म्हणाले. "माझीही विहीर आटलीय हो. कालपासून विचारू की नको, करतोय."

दुसऱ्या दिवशी घड्याळजींच्या परसात एकशे दहा फुटांवर पाणी उसळलं, दोन्ही घरांना पुरेल इतकं. दोघे म्हातारे त्याखाली चिंब भिजत उभे राहिले, आणि जावईबापूंना त्या छत्रीवरचा थेंब अखेर भेटल्यासारखं वाटलं.

सासरे मात्र गावभर सांगत सुटले, "जावयानं मुद्दाम आधी कोरडं खणलं! नाहीतर मी भिंतीशी गेलो असतो का? जमिनीतलं कळतं तसं माणसांतलंही कळतं त्याला." जावईबापूंनी तीनदा खरं सांगायला तोंड उघडलं. तिसऱ्यांदा बायकोने चिमटा काढला. "गप्प बसा. आई बॅगा रिकाम्या करतेय."

आठवड्याने बायकोची आत्या घराचा आराखडा घेऊन दारात हजर.

"आत्या, तुमच्याकडे पाणी नाही?"

"पाणी भरपूर आहे रे. शेजारीण तीन वर्षं बोलत नाही. तू आपलं खणून दे कुठेतरी."

जावईबापूंनी आराखडा पसरला. बराच वेळ तंद्रीत पाहत राहिले. मग पेन्सिल उचलून हळूच विचारलं,

"ती कुठल्या बाजूला राहते?"