उरकुडा भाऊजींच्या मुक्या बंदुका

थंडी पडली की उरकुडा भाऊजी आपल्या बंदुकांना गोधडी पांघरायचे. घरात गोधड्या दोनच. एक बंदुकांची, एक नवराबायकोची. माझी बहीण कौतिका एकदा म्हणाली, "त्यायले काय हुडहुडी भरते?" तर म्हणाले, "लोखंड आकसते. भाव कमी होते."

हे माझे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या आधीची तीन लेकरं गेली होती, म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना उकिरड्यावर ठेवलं, उचललं नि नाव ठेवलं उरकुडा. मरणाला वाटावं, हा कचराच आहे. मरण फसलं. पण बाकीचे लोकही फसले. त्यांनी जन्मभर कचराच समजलं. मीही त्यातच होते, खोटं कशाला बोलू?

आम्ही भंडाऱ्याकडची माणसं. भिलाईला कारखाना उभा राहायला लागला, तेव्हा पोटामागं आलो. माझा नवरा रेल्वेत. भाऊजी बांधकामावर खलाशी. मोठाल्या लोखंडी तुळया दोरखंडानं वर चढवायचं काम. कामगारांच्या कॅम्पात आमच्या नि त्यांच्या क्वार्टरची भिंत एकच होती. आज हुडको वसाहतीत घरांना घरं लागली आहेत, तिथं तेव्हा धान डोलायचं. त्या भिंतीतून मला त्यांचं प्रत्येक भांडण ऐकू यायचं, आणि भांडण एकच होतं.

पावर हाउसच्या बाजारात एक दुकानदार डिस्पोजलचा माल विकायचा. डिस्पोजल म्हणजे लढाई संपल्यावर सरकारला नकोसं झालेलं सामान. बूट, कोट, मच्छरदाण्या, पाण्याच्या बाटल्या. अर्धा कॅम्प तेव्हा कुण्या गोऱ्या सोजिराचे बूट घालून ड्यूटीवर जायचा. त्याच ढिगात बंदुकाही यायच्या. नळीत शिसं ओतलेलं, घोडा जाम केलेला. त्यांना मुकी बंदूक म्हणत. शाळेच्या कवायतीसाठी नाहीतर ठेकेदारांच्या चौकीदारांना द्यायला लोक त्या नेत. चोराला काय माहीत, मुकी आहे की बोलती?

भाऊजी बूट घ्यायला गेले आणि पहिली बंदूक घेऊन आले. सायकलच्या दांडीला बांधलेली. पायात जुनी टायरची चप्पल.

"बूट कुठं हाये?" बहिणीनं विचारलं.

"बूट झिजते. हे झिजत नाही. याचा भाव चढन."

भाव चढला, हेच वाईट झालं. कारखान्याचं काम वाढलं, ठेकेदार वाढले, चोर वाढले, चौकीदार वाढले. वर्षभरात बुटाच्या भावाची बंदूक सायकलच्या भावाची झाली. भाऊजी मिशीतल्या मिशीत हसले आणि दुसरी घेऊन आले. मग तिसरी. बोनस मिळाला की बंदूक. ओव्हरटाइम मिळाला की बंदूक. भाव चढला म्हणून माणूस विकतो, हे चढला म्हणून घ्यायचे. अशा नऊ झाल्या. भिंतीला उभ्या, ओळीनं. रोज संध्याकाळी तेल लावायचं. डोक्याला लावायला बहिणीकडं तेल नसायचं.

बहिणीला एकच गोष्ट पाहिजे होती. जवळच्या कोहका गावात स्वतःची जागा. तिचं बालपण गावाबाहेरच्या झोपडीत गेलं, जवानी मजुरांच्या तंबूत, आणि हे क्वार्टर कंपनीचं. नोकरी संपली की ताटवाटी घेऊन बाहेर. तिला लेकरं नव्हती. असती तर कदाचित तिनं घर मागितलं नसतं. ती म्हणायची, "पारबते, मले असं दार पायजे का कोणी मले उठ म्हणन नाही." कोहक्याचा एक शेतकरी आपल्या बाडीचे, म्हणजे भाजीच्या मळ्याचे, तुकडे पाडून विकत होता. ती दर महिन्याला जाऊन त्याला भाव विचारून यायची. तोही चढत होता. पण जागेचा भाव बैलासारखा चालत होता, आणि बंदुकीचा हरणासारखा. विकल्या असत्या तर दोन खोल्या निघाल्या असत्या.

"विका ना आता," ती म्हणायची.

"थांब. अजून चढन."

हे "अजून चढन" मी भिंतीतून इतक्यांदा ऐकलं की माझी लेकरं खेळताना ते म्हणायला लागली. पतंग उडवताना, दूध उतू जाताना.

आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा सगळ्यांनी घरातले देव काढले. भाऊजींनीही काढले. देवांच्या फळीवर बंदुकीच्या तेलाची शिशी आली. एकदा वंदनेला आलेले उपासक पंचशील म्हणता म्हणता मधेच थांबले. मागं भिंतीला नऊ नळ्या.

"उरकुडाजी, हे काय हो? आपण जिवाची हत्या करू नये म्हणून शील घेतो."

"मुक्या हायेत," भाऊजी म्हणाले. "त्यायनं कवाचंच शील घेतलं. तुमी म्हणा पुढं."

भाऊजी इंग्रजांच्या मोठ्या लढाईत होते म्हणत. ब्रह्मदेशाकडं कुठंतरी. पण कोणत्या पलटणीत, काय केलं, ते विचारलं की उठून जायचे. कॅम्पातले पोरगे म्हणायचे, "कायचा सिपाई, भांडे घासत असन." भाऊजी ऐकून घ्यायचे.

जयंतीला कॅम्पात नाटक बसवलं, तेव्हा त्यांच्याकडून एक बंदूक मागून नेली. भाऊजी पुढच्या रांगेत जाऊन बसले. शिपायाचं काम करणारा पोरगा गोळी लागून पडला, हातातली बंदूक बाजूला गेली, आणि तो चांगला लांबलचक भाषण करत मरायला लागला. तेवढ्यात भाऊजी उठले, सरळ स्टेजवर चढले, त्या पोराला पाठीवर घेतलं आणि चालायला लागले. पोरगा म्हणतो, "अरे काका, माह्यं बोलनं बाकी हाये!" लोक हसून हसून लोळले. बंदूक तिथंच पडून राहिली, ती माझ्या नवऱ्यानं आणून दिली. मला वाटलं, पिऊन आले. पण ते पीत नव्हते. मी बहिणीला म्हटलं, तुझा नवरा येडा आहे. ती म्हणाली, "मले नवीन सांग काही."

मग चीनची लढाई झाली. सगळीकडं कवायती सुरू झाल्या, आणि मुक्या बंदुकांना सोन्याचा भाव आला. रायपूरचा एक ठेकेदार जीप घेऊन दारात. त्यानं नऊच्या नऊ पाहिल्या, हात लावला, आणि असा आकडा बोलला की भिंतीपलीकडं माझ्या हातातली कणीक खाली पडली. कोहक्याची जागा, वर दोन खोल्या, वर विहिरीचा अर्धा खर्च. बहिणीनं त्याला तीनदा चहा पाजला. साखरेचा.

भाऊजी म्हणाले, "थांबा. अजून चढेगा."

ठेकेदार म्हणाला, "बाबा, मैंने भाव पूछा है. आप तो कुंडली बता रहे हो." आणि जीप घेऊन गेला.

त्या दिवशी भिंतीतून आवाज आला नाही. बहीण भांडलीच नाही. मला तेव्हाच कळलं की तिनं कोहका सोडला.

दोन महिन्यांत दवंडी झाली. घरात मुकी असो की बोलती, बिनपरवान्याची बंदूक ठेवायची नाही. पंधरा दिवसांत ठाण्यात नेऊन द्या, नाहीतर जेल. पैसा एक मिळणार नाही. ठेकेदाराचा पत्ता शोधत भाऊजी गेले नाहीत. बहिणीनं तसं सांगितलंही नाही.

पुढच्या आठवड्यात मी पावर हाउसहून भाजी घेऊन येत होते, तर रस्त्यानं भाऊजी. उजव्या खांद्यावर एक बंदूक, नळी खाली केलेली. हळू हळू चालत होते, मयतीत चालतो तसे. ठाणं आमच्याकडून दीड-दोन मैल. माझं डोकं फिरलं.

"सायकल कुठं हाये तुमची? नऊच्या नऊ बांधा अन् एकदाच नेऊन टाका ना. जगाले तमाशा दाखवून राहिले काय?"

ते तसेच चालत राहिले. मग मी मागं मागं चालत बोलत गेले. तोंडाला येईल ते बोलले. माझ्या बहिणीचं घर खाल्लं, तिच्या डोक्याचं तेल खाल्लं, आणि आता फुकट दान करायला निघाले. ठाणं येईस्तोवर मी थांबले नाही.

ठाण्यातला शिपाई गोंदियाकडचा होता, आपल्या बोलीतला. भाऊजींना पाहून तो वैतागला.

"आला का पुन्हा? काल चार खेपा, आज हे तिसरी. एकेक कावून आणून राहिला गा, बुढ्या? गठ्ठा बांध अन् आण ना एकडाव."

भाऊजींनी बंदूक टेबलावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. खाली हात धरून, आजारी माणसाचं डोकं उशीवर टेकवतात तशी.

"तवा गठ्ठाच बांधून आणलो होतो, साहेब," ते म्हणाले.

"कवा?"

"लढाईत. मी डोलीवाला होतो. जखमी उचलाचं काम. वरून हुकूम आला, आधी बंदुका आना, मंग माणसं. बंदुकीची गिनती होते म्हणे. मी बांधल्या, पाठीवर घेतल्या, आनल्या. माणसायसाठी वापस जाऊ नाही देल्लं."

शिपायानं वहीत सातवी बंदूक लिहिली. भाऊजी दाराकडं वळले आणि जाता जाता म्हणाले, "मागं सोडलेल्यातले चार जण अजून बोलून राहिले होते."

परतताना मी त्यांच्या मागंच होते. माझा राग गेला नव्हता, त्याला फक्त जागा उरली नव्हती.

घरी आलो तर बहीण तांदूळ निवडत बसली होती. भाऊजी आत पाणी प्यायला गेले. मी तिला हळूच सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. तिचा हात सुपात थांबला. वीस वर्षांचा संसार, आणि हे तिला धाकट्या बहिणीच्या तोंडून कळत होतं.

"मले सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं मीच नसत्या विकू देल्ल्या."

तिनं सूप बाजूला ठेवलं. पदर खोचला. भिंतीशी दोनच राहिल्या होत्या. तिनं एक उचलली.

भाऊजी पाणी पिऊन बाहेर आले. "जड हाये ते," म्हणाले.

"माहीत हाये मले. रोज त्यायच्या भोवतालून झाडू मारते मी."

त्यांनी तिच्या हातातली बंदूक घेतली नाही. नळी कशी खाली करायची ते दाखवलं, तिच्या खांद्यावर नीट बसवली, आणि आपली उचलून पुढं झाले. बहीण मागं. कॅम्पातले लोक दारात येऊन बघत होते. एकजण हसला, तर मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो आत गेला.

कोपऱ्यावर ती क्षणभर थांबली. मला वाटलं, खांदा दुखला. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं.

"पण घर तं पायजेच होतं, पारबते," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या मागं चालायला लागली.