दादा, येऊ नकोस

थोरला भाऊ मिलोये स्वीडनमध्ये जिन्यावरून पडला आणि खुबा मोडून बसला. यंदा घराण्याच्या संताच्या, संत दिमित्रीच्या सणाला तो गावी येणार नाही असं कळलं, तेव्हा रादिसाव्हनं ठरवलं की सणच त्याच्याकडे पोचवायचा.

वडील गेल्यापासून सणाचा गोल पाव दोघे भाऊ दरवर्षी मिळून मोडत आले होते. एकट्यानं मोडला तर घर दुभंगतं असं वडील म्हणायचे. रादिसाव्ह असल्या गोष्टी मानत नसे. (मानत नसे, पण आठवडाभर त्याला झोप नव्हती.)

भाची म्हणाली, मामा, साध्या फोनवर दिसतात की माणसं. रादिसाव्हला ते पटलं नाही. घराण्याचा संत परक्या कंपनीच्या यंत्रातून जाणार? रेल्वे डब्यांच्या कारखान्यात जन्मभर वायरिंग केलेला माणूस तो. त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणला, कोठीत आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी मांडला, आणि खपून त्यावर स्वतःचा सर्व्हर उभा केला. जगात कुठूनही माणसं येऊन बसतील, एकमेकांना बघतील, बोलतील, अशी खोलीच ती. (या काळात घरातले दिवे वरचेवर जात होते. कोबीला मात्र काही झालं नाही.)

मग त्यानं त्या खोलीला घराचं वळण लावायला घेतलं. आधी फुकट मिळालेल्या प्रोग्रॅमवरचं चिन्ह काढून संताची तसबीर लावली. खोली येणाऱ्याला नाव विचारत होती. पाहुण्याला दारात नाव विचारायचं? काढून टाकलं. परवलीचा शब्द मागत होती. तोही काढला. खाली लाल बटण होतं, ‘बाहेर पडा’. ते बघून तर त्याचं डोकंच फिरलं.

“आपल्या घरात पाहुण्याला कुणी असं सांगितलंय?” त्यानं बायकोला विचारलं.

“तुमच्या आत्याला मीच सांगितलं होतं,” स्तामेंका म्हणाली.

बटण गेलं.

सणाच्या सकाळी मेणबत्ती पेटली, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचा सार्मा शिजला, धर्मगुरू ग्वोझ्देन वेळेवर आले. त्यांना अजून बरीच घरं उरकायची होती आणि गाडी त्यांनी बंदसुद्धा केली नव्हती. टेबलावर पाव, शेजारी पडदा. पडद्यावर नुसती तसबीर; आत कोण आलं ते तिथं बाहेरूनच दिसे. रादिसाव्ह बाजूला ताठ उभा. पाहुण्याआधी यजमान बसत नाही, म्हणून तो स्वतः त्या खोलीत अजून गेलाच नव्हता.

मेणबत्ती खाली येत चालली. धर्मगुरूंनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा पाव बघितला.

“अहो, भाऊजींना पत्ता नक्की कळवलाय ना?” स्तामेंकानं विचारलं.

रादिसाव्हनं मेणबत्तीची वात सारखी केली.

“अहो.”

“या सणाला आपल्याकडे कुणाला बोलावणं करतात का?” तो म्हणाला. “ज्याला यायचं तो येतो.”

“अहो, पण ते येणार कुठे? कोठीत?”

बोलावून आणलेला पाहुणा या घरात कधी जेवला नव्हता, आणि ती रीत मोडणारा पहिला माणूस तो होणार नव्हता. धर्मगुरू हळूच म्हणाले की मग एकट्यानंच मोडू या, देव समजून घेईल. त्यांनी पावाला हात घातला.

रादिसाव्हचा चेहरा पांढरा पडला. त्यानं स्तामेंकाच्या हातातला फोन ओढला आणि स्वीडनला लावला.

“दादा, नीट ऐक. मी एक पत्ता सांगतो. या पत्त्यावर यायचं नाही. लिहून घे.”

पलीकडे कागद फडफडला.

“कुठं यायचं नाही म्हणालास? परत सांग, सावकाश.”

रादिसाव्हनं एकेक अक्षर सांगितलं.

“आणि मी आलो तर?” मिलोये गुरकावला. “तू मला अडवणार?”

पडद्यावर तसबिरीशेजारी मिलोये उगवला. न्हाऊन, कोट घालून, समोर छोटा पाव घेऊन. पहाटेपासून तो तसाच पत्त्याची वाट बघत बसला होता. स्तामेंकानं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला.

रादिसाव्ह घाईनं आत शिरायला गेला. पडद्यावर अक्षरं आली: ‘यजमान आत घेईपर्यंत थांबा.’ जो आधी आत येईल तो यजमान, ही त्या यंत्राची मूळची रीत. रादिसाव्हनं सगळं बदललं होतं, फक्त हे वाचलं नव्हतं.

“रादे,” फोनवर मिलोये म्हणाला, “इथं कुणीतरी दाराशी उभं आहे म्हणतंय. नाव काही दिसत नाही.”

“मी आहे.”

“मी म्हणजे कोण?”

“दादा, मेणबत्ती विझेल.”

“बरं, ये. पाय पुसून ये.”

धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली, इकडे पाव फिरला, तिकडे पाव फिरला, आणि दोन्ही एकदमच मोडले. रादिसाव्हला भरून आलं. त्यानं ग्लास उचलला, वडिलांपासून सुरुवात केली, आजोबांवर गेला, कारखान्यावर आला, मग सर्व्हर कसा उभा केला ते तपशिलात सांगू लागला. पडद्यावर मिलोये शांत मिटक्या मारत होता. एवढं शांत ऐकताना रादिसाव्हनं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

“भाऊजी, ऐकताय ना?” स्तामेंकानं फोनवर विचारलं.

“छे. यजमानाला इथं एक बटण दिलंय. दाबलं की पाहुण्याचा आवाज बंद.”

स्तामेंका फोन घेऊन कोपऱ्यात गेली.

“भाऊजी,” तिनं हळूच विचारलं, “ते बटण घरात बसवायला काय काय लागतं हो?”