बोटभर माघार

"आज एक तर तो डॉक्टर राहील, नाही तर मी राहीन!"

ही गर्जना दत्तोजीराव मोहित्यांनी शनिवारी सकाळी म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आपल्या घराच्या गेटमध्ये उभं राहून केली. समोरच्या नागरत्नम्मा रांगोळी काढता काढता थांबल्या. दूधवाला थांबला. कोपऱ्यावरचं कुत्रं उठून दुसऱ्या कोपऱ्यावर गेलं. दत्तोजीराव हेब्बाळच्या कारखान्यात जन्मभर फोरमन होते. मशीनच्या वर आवाज चढवायची सवय तिथलीच. निवृत्त होताना कंपनीने बाकी सगळं परत घेतलं, आवाज तेवढा घ्यायचा राहून गेला!

भांडण होतं बोटभर जागेचं. शेताच्या नव्हे, घराच्याही नव्हे. मुलाच्या कपाळावरच्या!

मुलगा भुवन. वय बत्तीस, हेब्बाळच्याच कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांनी बोटभर माघार घेतलेली. बोटभर म्हणजे तरी करंगळीभर! मोहित्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत तलवार चालवायचे, आणि त्यांच्या वंशातला हा वीर रोज सकाळी आरशापुढे उभा राहून फोनने स्वतःच्या कपाळाचे फोटो काढायचा. उशीवर सापडलेला केस उजेडात धरून सोनाराने तार बघावी तसा बघायचा. शेवटी त्याने ठरवलं, मागचे केस उपटून पुढे लावून घ्यायचे. ट्रान्सप्लांट!

"अरे, केस म्हणजे डोक्यावरचं गवत!" दत्तोजीराव आठवडाभर ओरडत होते. "असलं काय, नसलं काय! माझं बघ!"

"तुमचं बघूनच ठरवलंय, अप्पा."

हा घाव मात्र वर्मी बसला. कारण दत्तोजीरावांचं टक्कल ही त्या घरातली हात लावायची गोष्ट नव्हती. नऊ वर्षांपूर्वी मुलीच्या, सुष्माच्या लग्नात सगळ्या घराचा मिळून फोटो काढायचा होता. फोटोग्राफरने दोनदा फ्लॅश मारला, दोनदा मान हलवली. तेवढ्यात दत्तोजीरावांचा धाकटा भाऊ फत्तेसिंगराव अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "अण्णाला मागच्या रांगेत घाला हो! उजेड त्याच्या डोक्यावर आपटून परत येतोय!"

मांडव हसला. व्याही हसले. नवरदेवसुद्धा हसला! वधूचा बाप मागच्या रांगेत गेला, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद.

फत्तेसिंगराव बैलकुप्प्याच्या वाटेवर हॉटेल चालवायचा. दत्तोजीराव त्या रस्त्याने बसने गेले तर हॉटेल येण्याच्या दोन स्टॉप आधीच तोंड दुसरीकडे करून बसायचे. त्यांची अट एकच होती. फत्त्याने माफी मागावी, आणि चार माणसांत मागावी, कारण अपमान चार माणसांत झाला होता. फत्तेसिंगरावही मोहितेच. तो कसली माफी मागतोय! नऊ वर्षं गेली. तेव्हापासून दत्तोजीरावांची काळी टोपी फक्त आंघोळीपुरती उतरायची. आणि हा माणूस म्हणे केसांना गवत समजायचा!

तर बाप-लेक क्लिनिकात पोहोचले. क्लिनिक कसलं, मंगल कार्यालय! थंडगार हवा, काचेच्या पेटीत मासे, पाण्यात काकडीच्या चकत्या. भिंतीवर फोटोंच्या जोड्या, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत माणूस रडका, उजेड कमी, शर्ट चुरगळलेला. नंतरच्या फोटोत तोच माणूस, केस, टाय आणि शेजारी बायको. बायकोही तिथेच लावून मिळत असावी! असल्या जोड्या लावून चांगल्या धडधाकट पोरांना घाबरवायचं आणि मग त्यांच्याच भीतीवर दुकान चालवायचं. यांना कोणी विचारत नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट आहे.

टाय लावलेला एक तरुण हसत पुढे आला. नाव संकर्षण. डॉक्टर नव्हे, सल्लागार! त्याने भुवनला खुर्चीत बसवलं आणि जांभळ्या पेनने त्याच्या कपाळावर कानापासून कानापर्यंत रेघ ओढली.

"इथून तुमचं नवीन आयुष्य सुरू, सर!"

"आयुष्य राहू दे," दत्तोजीरावांनी काठी आपटली. "डॉक्टर कुठाय?"

"बंगळूरहून येतात, सर. रस्त्यात आहेत. तोवर आम्ही थोडी तयारी करून ठेवू?"

"काय करायचं ते लवकर करा! मला ऊन चढायच्या आत घरी जायचंय!"

कारखान्यात दत्तोजीराव असं ओरडले की माणसं विचार न करता बटणं दाबायची. संकर्षणही त्यातलाच निघाला. त्याने भुवनला आत नेलं. आतून घर्रर्र असा आवाज आला. एसी जुना दिसतोय, असं म्हणून दत्तोजीराव मासे बघत बसले.

डॉक्टर आल्या त्या घामाघूम होऊन. डॉक्टर सहना. बारीक चणीची बाई, पण आवाज दत्तोजीरावांच्या तोडीचा! त्या आत गेल्या आणि दुसऱ्याच क्षणाला ओरडल्या, "हे कोणी केलं?"

दत्तोजीराव आत धावले. खुर्चीत भुवन बसला होता. डोकं फणसाच्या आठळीसारखं, हिरवट-पांढरं, गुळगुळीत. जांभळी रेघ तेवढी शाबूत!

"मी बघायच्या आधी वस्तरा लावायला कोणी सांगितलं?" डॉक्टर संकर्षणवर तुटून पडल्या. मग भुवनचे आधीचे फोटो त्यांनी त्याच्याच फोनवर पाहिले आणि आणखी भडकल्या. "एवढ्याशासाठी? कोपरे जरासे मागे गेलेत, बस! गोळ्या देते, वर्षभर बघू. अहो, मागचे केस म्हणजे काय बोअरवेल आहे? उपसले की संपले! आत्ता एवढ्याशा जागेत घालवले आणि चाळिशीत मधला सगळा भाग गेला, तर तिथे काय लावणार? हे वडील का? टोपी काढा."

"का?"

"पुढे मुलाचं काय होणार ते मला बघायचंय."

"टोपी निघणार नाही!"

"मग समजलं," डॉक्टर म्हणाल्या. "ट्रान्सप्लांट नाही. घरी जा." आणि पुढचा पेशंट बघायला निघून गेल्या.

म्हणजे दत्तोजीरावांचंच बरोबर होतं! जिंकले होते ते! पण जिंकून करायचं काय? मुलगा समोर आठळी होऊन बसला होता. दत्तोजीरावांचा पारा चढला. "ट्रान्सप्लांट करायचंच नव्हतं तर भादरलंस कशाला, गाढवा!" म्हणत ते काठी घेऊन संकर्षणच्या अंगावर गेले. त्यांचा स्वतःचाच चष्मा उडाला, काच तडकली. भुवनने मधे पडून काठी हिसकावली, चष्मा उचलला.

"तुम्हीच म्हणालात ना, लवकर करा म्हणून! साकु, अप्पा! बस झालं!" आणि लाल डोळ्यांनी तो रिक्षात बसून निघून गेला.

दत्तोजीराव हलले नाहीत. "पोराचे केस परत लावल्याशिवाय मी इथून उठणार नाही!" असं सांगून सोफ्यावर ठाण मांडून बसले. पुढे दुपारभर तिथे काय झालं, असं विचारलं तर ते आजही एवढंच सांगतात, "भांडत होतो."

इकडे घरी काय घडलं, ते त्यांना नंतर अर्ध्या कुवेंपुनगराने सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते नव्याने भडकले.

'एक तर तो राहील, नाही तर मी' म्हणून सकाळी गेलेला बाप. दुपारी एकटाच परत आलेला मुलगा. डोकं सफाचट, डोळे सुजलेले, एका हातात बापाची काठी, दुसऱ्या हातात बापाचा तडकलेला चष्मा! मुलगा रस्त्यात कोणाशी न बोलता आत गेला, आईला दोन वाक्यांत काय ते सांगितलं आणि खोलीचं दार लावून बसला. बाप गेल्यावरच असे केस उतरवतात ना आपल्यात? नागरत्नम्मांच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?

त्या धावत आल्या. भागीरथीबाई, म्हणजे दत्तोजीरावांच्या पत्नी, स्वयंपाकघरात डोळे पुसत बसल्या होत्या.

"अय्यो देवरे! भागीरथम्मा, कसं झालं हो?"

"काय सांगू! मशीन लावलं आणि दोन मिनिटांत सगळं संपलं!"

"डॉक्टर नव्हते?"

"नंतर आल्या. म्हणाल्या, गरजच नव्हती!"

नागरत्नम्मांनी पदर तोंडात कोंबला.

"जाऊ दे," भागीरथीबाईंनी नाक पुसलं. "सहा महिन्यांत परत येतील."

नागरत्नम्मा ताडकन उठल्या. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, आता कोणीतरी हे हातात घेतलंच पाहिजे, असं ठरवून त्यांनी भुजंगरावांना फोन लावला. भुजंगराव मराठी समाजाचे सेक्रेटरी. जिवंत माणसाच्या वाढदिवसाला यांचा फोन कधी येत नाही, पण माणूस गेला की पहिला मेसेज यांचाच! त्यांनी ग्रुपवर दत्तोजीरावांचा फोटो टाकला. फोटो कुठला? सुष्माच्या लग्नातला! मागच्या रांगेतला, भोवती हाराची चौकट.

तासाभरात खुर्च्या आल्या, पांढरा शामियाना आला, माणसं आली. भागीरथीबाई भारावून गेल्या. पोराच्या केसांसाठी एवढी माणसं! त्यांनी सगळ्यांना कॉफी केली. लोक एकमेकांकडे बघत कॉफी प्यायले आणि आपसात हळूच विचारू लागले, "हॉस्पिटलमधून कधी आणणार?"

दिवे लागायच्या सुमारास दत्तोजीराव स्वतःच आले. चष्मा नाही, त्यामुळे घरासमोर काहीतरी मोठं पांढरं हलतंय एवढंच दिसलं. शेवटच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बशीत कॉफी ओतत होते.

"कोण गेलं हो?" दत्तोजीरावांनी विचारलं.

"दत्तोजीराव मोहिते."

"काय? कशाने?"

"रागाने. दुसऱ्या कशाने जाणार तो माणूस!" गृहस्थांनी भुरका मारला. "मी ओळखत नव्हतो. पण आवाज ऐकून होतो. तिकडच्या क्रॉसवर, पलीकडच्या गल्लीत राहतो ना!"

दत्तोजीरावांनी छाती भरून श्वास घेतला. आता ते असा आवाज काढणार होते की चामुंडी डोंगरावर ऐकू गेला असता! पण तेवढ्यात पुढून हंबरडा आला.

"अण्णा!"

तो आवाज त्यांनी नऊ वर्षं ऐकला नव्हता. व्हरांड्यातल्या त्यांच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून फत्तेसिंगराव रडत होता. हॉटेलच्या ॲप्रनवरच बस पकडून आलेला!

"अण्णा, माझं चुकलं रे! चार माणसांत तुला बोललो. व्याह्यांसमोर बोललो! रोज वाटायचं यावं, पाय धरावेत. लाज वाटायची. मला माफ कर, अण्णा!"

दत्तोजीरावांनी भरलेला श्वास तसाच धरून ठेवला. हीच ती माफी! चार नव्हे, चाळीस माणसांत! आत्ता तोंड उघडलं तर फत्त्या थांबणार. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा दत्तोजीराव मोहिते गप्प उभे राहिले. धाकट्याचे खांदेही वाकले होते की हो! बोल, बोल, म्हणत ते मागच्या रांगेतून अंधुक बघत राहिले.

"लहानपणी मला खांद्यावर बसवून दसऱ्याचे हत्ती दाखवलेस," फत्तेसिंगराव हुंदके देत होता. "मी कधी विसरलो नाही. पण अण्णा, आता खोटं कशाला बोलू? उजेड खरंच परत येत होता रे! तीन फोटो पांढरे झाले!"

"दोन!"

अख्खा शामियाना हादरला.

"तीन नाही! दोन! दोनच फोटो पांढरे झाले होते!"

लोक वळले. कोणाचा तरी कॉफीचा पेला खाली पडला. नागरत्नम्मा किंचाळल्या. भुजंगरावांनी पहिल्यांदा फोन खिशात घातला. फत्तेसिंगराव उठला, डोळे चोळले आणि पुढे आला.

"अण्णा, तू जिवंत आहेस?"

"तुझी काही हरकत आहे?"

"अरे, मी धंदा सोडून आलो! बसमध्ये रडलो! दोन पोरींनी मला जागा दिली!" फत्तेसिंगरावाचं दुःख बघता बघता रागात बदललं. मोहित्यांच्यात याला वेळ लागत नाही. "जिवंत आहेस ना? मग मी माफी परत घेतो!"

"घेऊन तर दाखव! चाळीस माणसांनी ऐकलीय!"

"परत घेतली!"

"मिळाली ती मिळाली, फत्त्या!"

दोघे एकमेकांच्या अंगावर धावले. लोकांना वाटलं, आता खरंच कोणीतरी जाणार. पण फत्तेसिंगरावाने थोरल्या भावाच्या गळ्यात हात टाकले आणि असा करकचून आवळला की मारतोय का मिठी मारतोय ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या झटापटीत एक गोष्ट मात्र झाली. काळी टोपी खाली पडली.

शामियान्यातले दिवे चांगले प्रखर होते. सगळ्यांनी पाहिलं.

दत्तोजीरावांच्या चकचकीत टकलावर, कानापासून कानापर्यंत, जांभळ्या पेनाची रेघ होती.

एवढ्या गलक्याने भुवन दार उघडून बाहेर आला होता. त्याची स्वतःची रेघ अजून गेली नव्हती. उंबरठ्यात उभा राहून तो बापाच्या डोक्याकडे बघत राहिला.

"अप्पा, हे काय?"

"चौकशी!" दत्तोजीराव टोपी उचलत गरजले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "फक्त चौकशी केली! तो संकर्षण म्हणाला, बघून तर घ्या कसं दिसेल ते! भांडता भांडता काढली त्याने! मी नको म्हणत होतो!"

"आणि? होईल म्हणाला?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"मागे तेवढे केसच शिल्लक नाहीत म्हणाला," दत्तोजीराव पुटपुटले.

फत्तेसिंगराव भावाच्या जवळ गेला. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून त्याने ती रेघ या कानापासून त्या कानापर्यंत नीट तपासली.

"अण्णा," तो म्हणाला, "डावीकडे वाकडी गेलीय. फोटोत दिसेल."

ती रेघ साबणाने गेली नाही, खोबरेल तेलाने गेली नाही. दत्तोजीराव पुढे कितीतरी दिवस आंघोळीलासुद्धा टोपी घालून जात होते. आणि रोज सकाळी, पहिली कॉफी व्हायच्या आत, बैलकुप्प्याच्या वाटेवरच्या हॉटेलातून फोन यायचा.

"गेली का?"

"नाही गेली! ठेव फोन!" दत्तोजीराव अख्ख्या क्रॉसला ऐकू जाईल असे ओरडायचे, आणि फोन अर्धा तास ठेवायचे नाहीत.